डावीकडे कललेली रेघ

१२ मार्च

कादिसच्या डॉक्टरनं चार बाटल्या दिल्या आहेत. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब. सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायची आणि जे जाणवेल ते वहीत लिहायचं. मी विचारलं, "काहीच जाणवलं नाही तर?" म्हणाला, "तर काही नाही असं लिहा." माझ्या जावयाच्या वयाचा माणूस. जानेवारीतल्या तापात माझं नाक गेलं, हे त्याला पडशासारखं वाटतं. त्याला काय सांगू, की मी सानलुकारच्या आमच्या मालकीणबाईंच्या, दोन्या एन्रिकेताच्या, वाइनच्या कोठीचा वस्ताद आहे, आणि नाक सोडलं तर माझ्या अंगात दुसरं काही कामाचं नाही.

लिहायचंच तर नीट लिहितो. आमच्या कोठीत वाइनची पिंपं तीन थरांत रचलेली. खालचा थर सगळ्यात जुना. त्यातून थोडी वाइन काढायची, काढली तेवढी मधल्या थरातून भरायची, मधल्यात वरच्यातून, वरच्यात नवी. खालचं पिंप कधी रिकामं होत नाही. घरात विरजण चालत येतं तसं. माझ्या पणजोबाच्या हातची वाइन त्यात थेंबभर तरी अजून आहे. पण वरचं एक आंबलेलं पिंप खाली गेलं की सव्वाशे वर्षांचा शिरका झालाच म्हणायचं. ते होऊ नये म्हणून वस्ताद. त्यानं पिंप हुंगायचं आणि खडूनं खूण करायची. एक रेघ म्हणजे उत्तम, खाली जाऊ दे. दोन रेघा म्हणजे थांबव. जाळी म्हणजे आंबलंय, कोठीबाहेर काढ. खडू वस्तादाच्याच खिशात राहतो, त्याच्या खुणेला दुसऱ्या कुणी बोट लावत नाही. आणि वस्ताद हुंगतो, चाखत नाही. चाखतं ते गिऱ्हाईक. माझ्या बापानं चाळीस वर्षांत कामावर थेंब तोंडात घेतला नाही. जीभ लाच खाते, म्हणायचा.

लवंग नाही. लिंबू नाही. निलगिरी थंड लागली, वास नाही. गुलाब नाही.

१३ मार्च

चारही नाही.

२ एप्रिल

फक्त अंगुस्तियासला ठाऊक आहे. बायकोपासून काय लपणार, पहिल्याच आठवड्यात तिनं आमटीत लसूण टाकला नाही आणि मी नेहमीसारखा "वा" म्हणालो. रोज मागे लागते, दोन्याला सांग. आज म्हणाली, "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुझं नाक मुळातून गेलं तरी तोंड आपलं मिटलेलंच."

सांगून काय करू? नाक नसलेला वस्ताद म्हणजे आंधळा शिंपी. दोन्या भली बाई आहे, निरोपाचं जेवण देईल, घड्याळ देईल. आणि मग मी सकाळी उठून कुठं जाऊ?

आज दुपारी पिंपांमागे बसून भाकरी खात होतो, तर फर्मिना आली. फर्मिना माझ्या हाताखाली सव्वीस वर्षं आहे. पिंपं धुवायला म्हणून आली, आता माझ्याखालोखाल तीच. दारातच थबकली, माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "वस्ताद, बाहेर चला की जेवायला. ऊन छान पडलंय." म्हटलं, मला सावली बरी. तर माझा डबा उचलून चालायलाच लागली. संध्याकाळी कळलं, मोन्खा मांजरीनं तिथंच एक मासा आणून टाकला होता, चार दिवसांचा. गडी नाक धरून तो बाहेर नेत होते. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर जेवलो होतो.

फर्मिनाला काही कळलं नसावं. ती आपली उन्हाचंच बोलत होती.

१९ एप्रिल

वसंतातल्या खुणा केल्या. कशा केल्या, ते ही वही आणि मीच जाणे. वाइनवर साय धरते, पांढरी, सुरकुतलेली. ती जाड की पातळ ते डोळ्यांना दिसतं. रंग दिसतो. कुठल्या पिंपाची खोड काय, हे चाळीस वर्षांत पाठ आहे. लांब दांड्याची पळी घालायची, पेला भरायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटून तीनपर्यंत मोजायचं, आणि रेघ ओढायची. पूर्वी मी दोनपर्यंतच थांबायचो. आता तीन, म्हणजे विचार केल्यासारखं वाटतं.

फर्मिनाच्या तोंडाची टकळी चालूच असते. "सातवं जरा लोखंडासारखं लागतंय, नाही वस्ताद?" "चोविसाव्यात बदामाची साल येतेय बघा." मी म्हणतो, "मला शिकवतेस काय?" आणि सातव्यावर दोन रेघा ओढतो. तिची बडबड कानानं ऐकायची आणि नाक वर करून उडवून लावायची, अशी युक्ती काढली आहे. बाईला वाटतं वस्तादाचं लक्ष नाही.

प्रत्येक पिंपाची खूण रात्री न विसरता वहीत उतरवतो. पूर्वी आठवायची गरज नव्हती, नाक आठवायचं.

सगळं झाल्यावर लांबून पाहिलं. मी डावखुरा, माझी रेघ डावीकडे कलते. बापाची ताठ उभी होती, आज्याची उजवीकडे. खुणेवरून कुठल्या वस्तादाची राजवट, हे सानलुकारमध्ये कुणीही सांगेल. रेघा पूर्वीसारख्याच दिसतात. हेच भयंकर आहे.

९ जून

लिंबू! नाही, लिंबू नव्हतं. अंगुस्तियासनं बाटली सांडली, गार लागलं म्हणून वाटलं.

पण आज दिवस बरा गेला. कादिसचे व्यापारी आले होते, मेमध्ये काढलेली वाइन त्यांनी उचलली. म्हातारा रेकेना म्हणाला, दहा वर्षांत इतकी स्वच्छ वाइन चाखली नाही. दोन्यानं सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे नाक असो नसो, चाळीस वर्षांचा अनुभव हातातच उतरलेला असतो. फर्मिना मागे उभी राहून हसत होती. तोंडभर हसत होती. हिला एवढं हसायला काय झालं?

दोन्यानं दुसरी बातमी दिली. डेन्मार्कची कुणी इंगेलिसे नावाची बाई पुस्तक लिहिते आहे. वाट वाकडी करून जावं अशा युरोपातल्या वाइनच्या कोठ्या. हंगेरीतली बुरशीनं काळी पडलेली तळघरं, पोर्तुगालमधले नदीकाठचे मळे, इटलीतलं कुठलंसं डोंगरावरचं घर, आणि आमच्या बाजूची एकच कोठी, आमची. ऑक्टोबरात येणार. तिला तिन्ही थरांची भरणी समोर बघायची आहे. आणि दोन्या म्हणाली, "तिला मुख्य म्हणजे तुम्हाला भेटायचंय. नाकानं काम करणारा माणूस तिला पुस्तकात हवाय."

मी म्हणालो, "येऊ दे की." घरी येऊन न्हाणीत बसलो आणि रडलो.

१६ ऑगस्ट

पूर्वेचा वारा सुटलाय, चौथा दिवस. खिडक्यांवरचे चटयांचे पडदे भिजवायचे, जमिनीवरची पिवळी माती भिजवायची, की तासाभरात पुन्हा कोरडं. अशा वाऱ्यात साय मरते आणि वाइन आंबायला टपलेली असते. पूर्वी मी दारात पाऊल टाकल्याबरोबर सांगायचो, कुठलं पिंप कुरकुरतंय. आज दारात उभा राहिलो आणि भिंतीसमोर उभा राहिल्यासारखं वाटलं.

सगळं गाव किनाऱ्यावर घोड्यांच्या शर्यती बघायला गेलं. मी गेलो नाही.

चारही नाही. सात महिने झाले.

२० सप्टेंबर

वही चाळत होतो म्हणून कळलं. मधल्या थरातलं चौदावं पिंप. वहीत लिहिलंय, एक रेघ, उत्तम. पिंपावर जाळी. म्हणजे आंबलंय.

मी जाळी काढलेली नाही. शपथेवर सांगतो. पण हात माझा आहे. उभ्या रेघा डावीकडे कललेल्या, शेवटी माझ्यासारखाच झटका. खडू खिशातच होता. घरी वेड्यासारखे हात धुतले.

२१ सप्टेंबर

सुट्टीचा दिवस. एकटाच जाऊन वही आणि पिंपं ताडून पाहिली. एकोणीस. एप्रिलपासून एकोणीस पिंपांच्या खुणा बदलल्या आहेत. माझ्या एका रेघेला दुसरी जोडलेली, माझ्या दोन पुसून एक केलेली. सगळ्या माझ्या हातच्या. वहीत लिहून ठेवत नसतो तर मी आपल्याच खुणा समजून शपथ घेतली असती.

फर्मिना. दुसरं कोण असणार? सव्वीस वर्षं माझा हात बघते आहे. आता मला सगळं उलगडलं. तो मासा, ते हसणं, ती बडबड. तिला माझं नाक कळलंय, आणि ती वाट बघते आहे. पाहुणी येणार, भरणी होणार, वाइन बिघडणार, आणि सगळे म्हणणार, वस्तादाच्या खुणा बघा. मग वस्ताद कोण होणार? जिला मी बोटाला धरून हुंगायला शिकवलं ती.

अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच. एकोणीसच्या एकोणीस पुसल्या. माझ्या होत्या तशा पुन्हा काढल्या. खाली यादी करून ठेवतो, डावीकडे माझी, उजवीकडे तिची. उद्या कुणी विचारलं तर पुरावा असावा.

२४ सप्टेंबर

दोन्याला सांगितलं. नाकाचं नाही, खुणांचं. वस्तादाच्या खुणेला हात लावणं म्हणजे काय, ते दोन्याला सांगावं लागत नाही, तिच्या आजोबांनी त्यापायी सख्ख्या पुतण्याला हाकललं होतं. फर्मिनाला बोलावलं. मला वाटलं होतं नाही म्हणेल, भांडेल. तिनं सरळ कबूल केलं.

"का केलंस?" दोन्यानं विचारलं.

फर्मिनानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी तिच्या नजरेला नजर दिली, दिली म्हणजे काय, तिच्या कपाळाकडे बघत राहिलो.

"ते वस्तादांना विचारा," ती म्हणाली.

"मला काय विचारायचं?" मी म्हणालो.

"मग काही नाही," ती म्हणाली. एप्रन सोडला, घडी घालून पिंपावर ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळली. "बाकी तुमची मर्जी. चौदाव्याला तेवढं हात लावू नका, वस्ताद."

जाता जाता धमकी. बाईची छाती बघा. अंगुस्तियासला सांगितलं तर ती भांडी घासायची थांबली. म्हणाली, "एवारिस्तो, तुझं नुसतं नाक गेलंय ना रे?" तेव्हापासून बोललेली नाही.

२ ऑक्टोबर

कोठीत फार शांत वाटतं. कुणी बडबडत नाही. पळी घालतो, पेला नाकाशी नेतो, तीनपर्यंत मोजतो, मग दहापर्यंत मोजतो. पूर्वी एवढ्यात कुणीतरी म्हणालेलं असायचं, बदामाची साल येतेय. आता मी पेला धरून उभा असतो आणि गडी माझ्याकडे बघत असतात.

चौदाव्यावर बारीक चिलटं दिसली. पूर्वेच्या वाऱ्यानं येतात. मोन्खा वर्षानुवर्षं त्याच पिंपावर झोपायची, हल्ली एकविसाव्यावर झोपते. मांजरांचं काय सांगावं.

भीती वाटते. कशाची ते लिहवत नाही.

७ ऑक्टोबर

आजच लिहिलं पाहिजे.

इंगेलिसेबाई दहाला आल्या. साठीच्या, उंच, पायात जाड बूट, स्पॅनिश शाळेतलं पण स्वच्छ. दोन्यानं चांदीची पळी बाहेर काढली होती. दोघे गडी नळ्या घेऊन तयार. मधल्या थराच्या प्रत्येक पिंपातून थोडी थोडी लाकडी टाकीत जमा करायची, एकत्र करायची आणि मग खालच्या थरात वाटायची. तेरा पिंपं झाली. शेवटच्या, चौदाव्यात नळी घातली, दोन घागरी टाकीत पडल्या.

"जरा थांबा रे," दोन्या म्हणाली. "पाहुण्यांना याचीच चव देऊ. एवारिस्तो म्हणतात, हे मधल्या थरातलं सगळ्यात उत्तम."

मीच म्हणालो होतो. फर्मिनाला खोटं पाडायला, सप्टेंबरात, तिच्या पाठीमागे.

मी पळी घातली. वर साय नव्हतीच. अंधार आहे म्हणून दिसली नाही, असं स्वतःला सांगितलं. डोक्याइतक्या उंचीवरून धार सोडली, पेल्यात एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. हात अजून माझे आहेत. बाईंनी पेला नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा जागच्या जागी थांबला. मग सभ्यपणानं हसल्या.

"वेगळी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वास येतो?"

"समुद्राचा," मी म्हणालो. "हिरव्या सफरचंदाचा. कच्च्या पावाच्या पिठाचा." बापाचे शब्द. पोपटासारखे.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दुसरा पेला उचलून माझ्यापुढे धरला. "आमच्याकडे पाहुण्याला एकट्याला पिऊ देत नाहीत. माझ्या डोळ्यांत बघा आणि घ्या."

कामावर मी थेंब घेत नाही. तेच सांगायला तोंड उघडलं, आणि दोन्या म्हणाली, "घ्या की एवारिस्तो. पाहुण्यांचा मान आहे."

घेतला.

नाक मेलंय माझं, जीभ मेलेली नाही. आंबट. गळ्यापर्यंत चरचरत गेलं, डोळ्यांत पाणी आलं. कुणालाही कळेल असं आंबट, लहान मुलालासुद्धा. या नऊ महिन्यांत कधीही जिभेवर एक थेंब टाकला असता तर कळलं असतं. बापाचा नियम मोडायचा नव्हता मला. नाक नाही तर नाही, निदान ऐट तरी राहू दे.

गडी टाकी ढवळत होते. पहिली घागर खालच्या थराच्या पहिल्या पिंपाच्या तोंडाशी धरलेली होती. ती फक्त ओतायची बाकी होती.

"थांबव," मी म्हणालो. "थांबव रे ते."

गडी थांबला. दोन्यानं विचारलं, "काय झालं?"

"चौदावं आंबलंय. टाकी सगळी बाहेर नेऊन ओता. खाली थेंब जाऊ देऊ नका."

"पण तुम्हीच तर..."

मग मी बोललो. परक्या बाईच्या देखत, गड्यांच्या देखत. "दोन्या, मला वास येत नाही. जानेवारीपासून काहीच येत नाही. फर्मिनानं जाळी काढली होती ती खरी होती. मी पुसली."

बाईंनी हळूच आपली वही मिटून पिशवीत टाकली. दोन्या पिंपावर हात टेकून उभी राहिली, एकदम म्हातारी दिसली. शेवटी म्हणाली, "मे महिन्यातली वाइन, रेकेना वाखाणत होता ती?"

"ती तिची," मी म्हणालो. म्हणता म्हणता मलाही पहिल्यांदाच कळलं.

मधल्या थरातली तेरा पिंपांची काढणी गेली. गटारात ओतली. वास सुटला असणार, शेजारची माणसं दारात येऊन बघत होती.

८ ऑक्टोबर

फर्मिनाकडे गेलो. ती दारात बसून कोळंबी सोलत होती. उठली नाही. तिनं बसा म्हटलं नाही, आणि मीही बसलो नाही.

"खालचा थर?" तिनं एवढंच विचारलं.

"वाचला. घागर तोंडाशी होती."

तिनं हातातली कोळंबी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं होतं मला शिव्या घालेल. ती त्या थरासाठी रडत होती.

मी म्हणालो, "मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? तुमचं नाक गेलं म्हणून? तुम्ही मान्य केलं असतंत? मला खोटं पाडायला उलट दुप्पट जोरानं खडू ओढला असतात." हात झग्याला पुसले. "म्हटलं, बरं होईल नाक आज ना उद्या. तोवर मी आहे. तोंडानं सांगून पाहायची. जिथं ऐकलं नाहीत, तिथं तुम्ही जेवायला गेलात की बदलायची. माझ्या घरच्या दारावर महिनाभर गिरवली तुमची रेघ, डाव्या हातानं. ते बघा."

दार मागून पाहिलं. वरपासून खालपर्यंत माझ्या रेघा.

"आणि मला दोन्यासमोर उभं केलंत तेव्हा तुम्ही माझ्या कपाळाकडे बघत होतात," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही, वस्ताद. येईन मी. त्या वाइनसाठी येईन. पण ते विसरणार नाही."

मी एकोणीस पिंपांची यादी असलेलं पान उघडून वही तिच्यापुढे धरली. तिनं बोट ठेवून उजवीकडची रांग वाचली. एक खूण बदलायला सांगितली. मागचं पान उलटलं, दोन ओळी वाचल्या, आणि वही मिटून परत दिली. "बाकीचं तुमचं तुमच्यापाशी ठेवा," म्हणाली. अस्तनीतला निखारा तिनं वाचला की नाही, मला माहीत नाही.

९ ऑक्टोबर

लवंग नाही. लिंबू नाही. बाकीच्या दोन बाटल्या उघडल्याच नाहीत.

इंगेलिसेबाई काल संध्याकाळीच गेल्या. पुस्तकात आम्ही असू की नसू, दोन्यानं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला त्यांनी हात दिला, दोन्ही हातांत धरला. तो निरोप होता की कीव, ते मला कळलं नाही.

सकाळी दोन्या, मी आणि फर्मिना. मी खिशातून खडू काढला. बापानं मला दिला तेव्हा कोठीत चाळीस माणसं होती, टोप्या काढून उभी. आज तिघंच. "घे," म्हणालो. तिनं घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पहिलं पिंप. पळी घातली, पेला भरला, नाकाशी नेला. डोळे मिटले नाहीत. माझ्याइतका वेळ लावला नाही. "उत्तम," म्हणाली, आणि उजव्या हातानं रेघ ओढली.

रेघ डावीकडे कलली.

दोन्या म्हणाली, "एवारिस्तोंसारखीच आली की."

फर्मिनानं बाहीनं ती पुसली. परत ओढली, सावकाश, ओठ दातांखाली दाबून. पुन्हा डावीकडेच. तिसऱ्यांदाही डावीकडेच. पाच-सहा महिने डाव्या हातानं दुसऱ्याची रेघ काढून तिचा उजवाही तसाच वळला होता. स्वतःची कशी येते तेच तिला आठवेना.

"तुझी काढ," मी म्हणालो. "आता तुझी काढायची."

"माझी म्हणजे कुठली, वस्ताद?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

या वेळी तिनं रेघ पुसली नाही. पळी माझ्या हातात दिली, आणि आम्ही दुसऱ्या पिंपाकडे गेलो.